बिंगवरचं गिऱ्हाईक खरंच चौपट चांगलं?

प्रश्न : ताई, नमस्कार. उद्यमबागेत आमची लहानशी फौंड्री आहे. पंप आणि व्हॉल्व्हसाठी बिडाचं कास्टिंग करतो, थोडं मशिनिंगही. दोन वर्षांपूर्वी मी वेबसाइट केली. बाबांना तो फुकटचा खर्च वाटतो. गेल्या सहा महिन्यांचे आकडे सोबत जोडले आहेत. गूगलवरून १,८४० भेटी आणि २३ चौकश्या. बिंग या दुसऱ्या शोधयंत्रावरून ९६ भेटी आणि ५ चौकश्या. डकडकगो या तिसऱ्यावरून ३१ भेटी, चौकशी एकही नाही. गूगलवरून आलेला माणूस सरासरी ४८ सेकंद थांबतो, बिंगवरून आलेला २ मिनिटं ४० सेकंद. म्हणजे भेटींमागे चौकश्या धरल्या तर बिंगचं गिऱ्हाईक चौपट चांगलं, नाही का? ज्यांच्याकडे साइटचं काम दिलंय ते म्हणतात, गूगलचा नाद सोडा, बिंगसाठी महिन्याला वेगळे पैसे घाला. काय करू?
– उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : मी अठरा वर्षं उद्यमबागेतच एका कारखान्याचं ऑफिस सांभाळलं. गेटवर वॉचमनची वही असायची. दिवसाला तीस-चाळीस नावं. त्यात ऑर्डर घेऊन आलेला माणूस आठवड्याला एखादा. बाकी कोण? स्क्रॅपवाले, कुरिअरवाले, आयटीआय करून नोकरी शोधणारी पोरं, गणपतीची वर्गणी, आणि समोरच्या कारखान्याचा पत्ता विचारणारे. तिसऱ्या रेल्वे गेटकडून आलेले जास्त चांगले की पिरनवाडीकडून आलेले, असा हिशेब आमच्या मालकांनी कधी मांडला नाही. तुम्ही तो मांडायला बसलाय, आणि आकडे मात्र वहीतल्या एकूण नावांचे घेतलेत.

म्हणून मी आधी तुमच्या अठ्ठावीस चौकश्या एकेक करून वाचल्या. चांगलं केलंत, ईमेलसकट फाइल पाठवलीत. गूगलच्या २३ पैकी ७ जणांना नोकरी हवी आहे. तिघांना तुम्हालाच काही तरी विकायचंय, एकाला तर वेबसाइट विकायची आहे. दोघं डिप्लोमाचे विद्यार्थी, प्रोजेक्टसाठी कारखाना बघायचाय म्हणतात. उरल्या ११. बिंगच्या पाचांत एक विक्रेता आहे, आणि दोन ईमेल एकाच माणसाचे आहेत. ड्रॉइंग जोडायला विसरला म्हणून त्याने परत पाठवलं. उरल्या ३. तर झगडा आहे तो ११ आणि ३ यांच्यात, २३ आणि ५ यांच्यात नाही.

आता माणसाची बसायची जागा बघू, म्हणजे तो फोनवर होता की संगणकापुढे. तुमच्या ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या साधनात, ‘ट्रॅफिक ॲक्विझिशन’चा (भेट कुठून आली त्याचा) तक्ता उघडलात की वरच्या अधिकच्या चिन्हावर दाबून ‘डिव्हाइस कॅटेगरी’ जोडता येते. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या पानावर ते आहेच, तुम्ही बघितलं नसावं. गूगलच्या १,८४० भेटींपैकी १,३९० मोबाइलवरून आणि ४५० संगणकावरून. बिंगच्या ९६ पैकी तब्बल ९० संगणकावरून. आणि खऱ्या चौकश्या? गूगलच्या ११ पैकी ९ संगणकावरून आल्या, बिंगच्या तिन्ही.

यात नवल काही नाही. व्हॉल्व्ह बॉडीचं ड्रॉइंग बाजूला उघडून रेट मागणारा माणूस पर्चेसच्या खुर्चीत बसलेला असतो. त्याच्यापुढे कंपनीचा विंडोज संगणक. विंडोजमध्ये एज हा ब्राउझर आधीपासून असतो, एजमध्ये शोधायला बिंग आधीपासून असतं, आणि खालच्या पट्टीवरच्या चौकोनात काही टाइप केलं तरी वेबवरची उत्तरं बिंगकडूनच येतात. मोठ्या कंपन्यांत संगणकावर स्वतःच्या मनाने काही बसवायची मुभा नसते. तेव्हा त्या माणसाने बिंग निवडलं असं नाही, त्याला ते मिळालंय. उलट आपल्या बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन, आणि त्यात गूगल आधीपासून. तेही कुणी निवडलेलं नाही. मायक्रोसॉफ्टने २००९ साली बिंग आणलं तेव्हापासून हा असाच खेळ चाललाय, जो यंत्र देतो तो शोधही देतो.

म्हणजे तुलना करायची तर खुर्चीतल्या माणसाची खुर्चीतल्या माणसाशी करायला हवी. गूगल, संगणकावरून : ४५० भेटींत ९, म्हणजे शंभरात २. बिंग, संगणकावरून : ९० भेटींत ३, म्हणजे शंभरात ३.३. चौपट होतं ते दीडपटीच्या थोडं वर आलं.

अजून एक चाळणी लावू. तुमच्या साइटवर ‘ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न यांतला फरक’ असं एक पान आहे. छान लिहिलंय, मॅग्नेशियम घातल्यावर ग्राफाइटच्या पापुद्र्यांचे गोळे कसे होतात ते चित्रासकट. कुणी लिहिलं, तुम्ही की बाबांनी? पण ते पान वाचायला येतात ते परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारे विद्यार्थी. गूगलच्या एकूण भेटींपैकी जवळजवळ निम्म्या त्या एका पानावर उतरल्या आहेत आणि त्या पानावरून खरी चौकशी एकही नाही. संगणकावरच्या ४५० पैकी १५० तिथल्याच. बिंगच्या ९० पैकी ६. ते वगळा. गूगल ३०० भेटींत ९, शंभराला ३. बिंग ८४ भेटींत ३, शंभराला साडेतीनच्या आसपास.

झालं. एवढ्याशा फरकावर महिन्याचे पैसे घालायचे? आणि हे ‘३’ म्हणजे तीनच माणसं आहेत हो. त्यातल्या एकाने त्या दिवशी रजा टाकली असती तर दोन राहिले असते, आणि बिंग गूगलच्या खाली गेलं असतं.

डकडकगोचं तर त्याहून गंमतशीर आहे. ३१ भेटी, चौकशी शून्य, म्हणून तुम्ही त्याला बाद करून टाकलंत. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे, तिनाचा नियम म्हणतात. एखादी गोष्ट इतक्या वेळांत एकदाही घडली नसेल, तर ३ ला त्या संख्येने भागायचं. खरं प्रमाण जास्तीत जास्त तेवढं असू शकतं, हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. ३ भागिले ३१ म्हणजे शंभराला जवळजवळ दहा. म्हणजे डकडकगोवरून येणारा शंभरातला एकही गिऱ्हाईक होत नसेल, किंवा नऊ जण होत असतील. तुमच्या ३१ भेटींवरून यांतलं काहीच नाकारता येत नाही. बाजारात सकाळी पहिल्या अर्ध्या तासात बोहनी झाली नाही म्हणून कुणी दुकान विकायला काढत नाही.

शिवाय डकडकगोवरची नेहमीची उत्तरं बरीचशी बिंगकडूनच येतात, याहूचीही तशीच. तेव्हा बिंगमध्ये तुमची साइट नीट नोंदली की या दोघांचं काम आपोआप होतं. ती नोंद फुकट आहे. ‘बिंग वेबमास्टर टूल्स’ उघडायचं, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं तसंच साधन) साइट आधीच आहे तर तिथून एका बटणावर ती आत घेता येते, साइटमॅपही, म्हणजे साइटच्या पानांची यादीही, सोबत येतो. चहा निवायच्या आत होण्यासारखं काम. तुमच्या माणसांना विचारा, महिन्याचे पैसे नेमके कशाचे? जाहिरातीचे असतील तर ती वेगळी गोष्ट, आणि तिचा हिशेब या तक्त्यात मिसळायचाच नाही. नोंद ‘सांभाळण्याचे’ असतील तर बाबांना सांगा, यावेळी तुमचं बरोबर आहे.

४८ सेकंद आणि २ मिनिटं ४० सेकंद याबद्दल थोडंच. जास्त थांबला म्हणजे चांगला, हे दुकानातही खरं नसतं आणि इथेही नाही. तुमचा फोन नंबर पहिल्याच पानावर वर आहे. ज्याला काम द्यायचंय त्याने पंधरा सेकंदांत नंबर घेतला आणि फोन लावला, तर तक्त्यात तो घाईत निघून गेलेला दिसेल. दोन मिनिटं थांबलेला कदाचित तुमची मशीनची यादी शोधत असेल आणि ती त्याला सापडत नसेल. २०२३ च्या जुलैत जुनं ॲनालिटिक्स थांबल्यापासून जे नवं चालू आहे त्यात दहा सेकंदांच्या वर थांबला, किंवा दुसरं पान उघडलं, किंवा तुम्ही ठरवून दिलेलं एखादं काम केलं, की ती भेट ‘एंगेज्ड’, म्हणजे रमलेली, धरतात. दहा सेकंदं! आमच्या गेटवर तेवढ्यात पेनाचं टोपणही निघायचं नाही. तुम्ही फक्त ते शेवटचं वापरा : नंबरवर दाबलं, व्हॉट्सॲपवर दाबलं, ड्रॉइंग पाठवलं, ही तीन कामं ‘की इव्हेंट’ म्हणून नोंदवून ठेवा.

आणि आता जी गोष्ट कुठल्याच तक्त्यात येत नाही ती. कुणी मोबाइलवर ‘उद्यमबाग फौंड्री’ असं शोधलं की नकाशासकट तुमच्या कारखान्याचं कार्ड वर येतं, त्यावर फोनचं चिन्ह. तो तिथूनच फोन लावतो. तुमची साइट तो उघडतच नाही, त्यामुळे तुमच्या ॲनालिटिक्सला तो माणूस जन्मालाच आलेला नसतो. हा फोन जातो बाबांच्या टेबलावर. गूगलचा मोबाइलवाला तुम्हाला कुचकामी दिसतोय त्याचं निदान एक कारण हे असू शकेल. गूगलच्या ‘बिझनेस प्रोफाइल’मध्ये, म्हणजे त्या कार्डाच्या खात्यात, जाऊन सहा महिन्यांत त्या कार्डावरून किती कॉल झाले ते बघा. त्याच कार्डावरच्या वेबसाइटच्या दुव्याला स्वतःची खूण जोडून घ्या, नाही तर नकाशावरून आलेला आणि शोधातून आलेला दोघं एकाच रकान्यात पडतात.

बाबांच्या फोनशेजारी एक वही ठेवा. प्रत्येक नव्या माणसाला एकच विचारायचं, ‘नंबर कुठून मिळाला?’ ते करतील की नाही, मला शंका आहे. आमचे मालक करायचे नाहीत, मी करायची. पण बाबांच्या अक्षरात ‘गूगलवरून’ असं चार वेळा लिहिलं गेलं, तर वेबसाइटच्या खर्चावरून घरात होणारं बोलणं जरा बदलेल.

एक वर्षभराचे आकडे साठू द्या, मग परत पाठवा.

प्रश्न : अक्का, शहापूरमध्ये आमचं साड्यांचं दुकान आहे. साइटवर ‘बेळगाव’ लिहावं, ‘बेळगावी’ लिहावं, की इंग्रजीतलं जुनं ‘बेलगाम’ लिहावं? कुठल्या नावाने शोधणारं गिऱ्हाईक चांगलं? घरात तीन मतं आहेत.
– शहापूर

उत्तर : तीनच? तुमच्या घरात फार एकी आहे म्हणायची.

नावाचा वाद इथे नको, तो या पानाहून मोठा आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी आलं. पण लोकांच्या बोटांना सवय लागलेली असते ती कागदाने सुटत नाही. पुण्या-मुंबईला नांदायला गेलेली आपली मुलगी मराठीत ‘बेळगाव’ लिहिते, रोमन लिपीत लिहिलं तर जुनंच स्पेलिंग. बंगळूरची नवी पिढी नवं स्पेलिंग लिहिते. गोव्याकडचे पुष्कळदा गावाचं नावच घालत नाहीत, ‘शहापूर साडी’ एवढंच. यातलं कुठलंही एक वापरून बाकीच्यांना दार लावायचं कारण काय? दुकानाच्या पाटीवर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही आहेत ना? तसंच साइटवर. पत्त्यात नवं नाव, ‘आमच्याविषयी’मध्ये जुनं, आणि मराठी मजकुरात बेळगाव. गूगलला ही सगळी एकाच गावाची नावं आहेत हे बरंचसं कळतं. लहान शोधयंत्रांवर तेवढा भरवसा टाकू नका.

‘चांगलं कोण’ याचं उत्तर मात्र तुम्हाला सरळ मिळणार नाही, आणि त्याला कारण आहे. माणूस कुठले शब्द शोधून आला हे पूर्वी ॲनालिटिक्समध्ये दिसायचं. २०११ च्या ऑक्टोबरपासून गूगलने ते झाकायला सुरुवात केली. आता शब्द दिसतात ते सर्च कन्सोलमध्ये, तेही गेल्या १६ महिन्यांपुरते, आणि अगदी क्वचित शोधले जाणारे शब्द त्यातही लपवलेले. कुठल्या शब्दावर किती जणांनी दाबलं ते कळतं, पण त्यातल्या कुणी साडी घेतली ते कळत नाही. शब्द एका वहीत, विक्री दुसऱ्या वहीत.

दोन्ही वह्या जोडायची माझी युक्ती अशी : दोन पानं वेगळी करा. एक मराठीत, लग्नाच्या बस्त्यासाठी, किमतीसकट. दुसरं इंग्रजीत, एकेक साडी घरपोच मागवणाऱ्यांसाठी. दोन्हींवर व्हॉट्सॲपचं बटण, पण पहिल्यावर आपोआप येणारा निरोप ‘बस्त्याबद्दल विचारायचं होतं’ आणि दुसऱ्यावर दुसरा. निरोप वाचूनच कळेल कोण कुठल्या दाराने आलं. मग सर्च कन्सोलमध्ये त्या त्या पानावर कुठले शब्द माणसं आणतात ते बघायचं.

बस्त्याचं एक गिऱ्हाईक म्हणजे वीस-पंचवीस साड्या, आणि सोबत सासू, नणंद, मावशी. ते सहा वेळा साइट उघडतील, चार फोनांवरून, आणि शेवटी प्रत्यक्ष दुकानात येऊन घासाघीस करतील. तक्त्यात हे ‘सहा भेटी, विक्री नाही’ असंच दिसणार. त्याला इलाज नाही. गल्ल्यावर बसणाऱ्याने विचारायचं.

प्रश्न : जांबोटीजवळ आमचं होमस्टे आहे. मागच्या महिन्यात दोन रात्रींत साइटवर ४१२ भेटी झाल्या, सगळ्या अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्न नावाच्या गावातून. आपल्याकडचे लोक मात्र यादीत बंगळूरचे दिसतात, बेळगावचे फारच थोडे. डॉलरमध्ये दर लावावा का?
– खानापूर तालुका

उत्तर : नको. अ‍ॅशबर्न हे व्हर्जिनिया राज्यातलं गाव, आणि तिथे माणसांपेक्षा डेटा सेंटरंच, म्हणजे संगणकांनी भरलेल्या इमारतीच, डोळ्यांत भरतात. तिथून रात्री दोन वाजता चारशे ‘जण’ आले आणि शून्य सेकंदात गेले, तर ती यंत्रं होती. ओळखीची यंत्रं ॲनालिटिक्स स्वतःच वगळतं, बिनओळखीची राहतात. तक्ता बघताना भारताबाहेरच्या भेटी बाजूला काढा आणि मग कुठल्या शोधयंत्रावरून किती आले ते मोजा. नाही तर त्या दोन रात्रींनी तुमचा सगळा महिना खोटा केलेला असेल.

बंगळूरचं कोडं सोपं आहे. मोबाइलच्या इंटरनेटला जो आयपी पत्ता मिळतो त्यावरून गाव ओळखतात, आणि तो पत्ता कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्राचा असू शकतो. तुमच्याच अंगणात बसून एखाद्याने साइट उघडली तरी तो बंगळूरचा दिसेल. गावाच्या रकान्यावरून काही ठरवू नका.

साइट मी उघडून बघितली. फोटो सुरेख आहेत, चोर्ल्याचं धुकं तर अगदी. खोल्या किती, जेवण काय, सगळं आहे. मोबाइलला रेंज येते का, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. येत नसेल तरी लिहा. तुमच्याकडे फोन करणारा पहिलं तेच विचारत असणार.